हिंवाळ्यांतील हेदर

शब्द शिकविणें हा ज्यांचा धंदा, त्यांनीं त्या शब्दांमागच्या वस्तु डोळ्यांनीं पाहिलेल्या असाव्या अशी अपेक्षा सहसा कोणी करीत नाहीं. आणि ही सवलत आम्हीं तीस वर्षें निमूटपणें भोगिली. 'हीथ' हा शब्द आमच्या वर्गांत दरसाल येई. मॅक्बेथला चेटकिणी भेटतात तें ठिकाण हीथ. लियर राजा वादळांत वेडापिसा होऊन भटकतो तेंहि हीथच. मात्र तेथें हा शब्द शेक्सपीअरचा नसून निकोलस रो या संपादकानें १७०९ सालच्या आवृत्तींत रंगसूचनेच्या रूपानें तो घातलेला आहे, ही माहिती विद्यार्थ्यांस सांगतांना आम्हांस दरवर्षीं तितकाच आनंद होई. हार्डीच्या 'द रिटर्न ऑफ द नेटिव्ह' या १८७८ सालच्या कादंबरीचें पहिलें प्रकरण तर सबंधच्या सबंध एका हीथच्या वर्णनांत खर्ची पडलें आहे. "हीथ म्हणजे काय?" असें कोणीं विचारलें कीं आम्ही सांगत असूं, "ओसाड माळरान." "आणि हेदर?" "त्या माळावर उगवणारें एक खुरटें झुडूप." एकदां मागच्या बांकावरील एका मुलीनें विचारलें, "पण सर, तें दिसतें कसें?" तेव्हां आम्हीं घड्याळाकडे पाहिलें आणि पुढील उतारा वाचावयास घेतला.

तें कसें दिसतें हें आम्हांस गेल्या जानेवारींत कळलें. आणि तेंहि, पुढें समजलें त्याप्रमाणें, भलत्याच झुडपावरून कळलें. आमची कन्या स्कॉटलंडांत स्टर्लिंग या गांवीं असते. तेथील विद्यापीठांत ती माशांच्या रोगांचा अभ्यास करते. ज्या घरांत मासा म्हणून काय तो दशावतारांच्या चित्रांत पाहावयास मिळे, त्या घरांतील मुलीनें हा विषय कां निवडावा हें कोडें आम्हीं सोडविण्याचा नाद केव्हांच सोडून दिला आहे. आम्ही गेलों त्याच्या तीन वर्षें आधीं तिनें गांवाच्या कडेला एक लहानसें घर विकत घेतलें. तें पाहावयास आम्ही उभयतां लगेच गेलों नाहीं. रजा मिळत नाहीं हें सांगण्यासारखें कारण होतें. घर विकत घेणें म्हणजे परत न येणें असा अर्थ आम्हीं मनाशीं लावून घेतला होता, हें न सांगण्यासारखें. अखेर जानेवारीच्या मध्यास, दोन महिने राहण्याच्या बेतानें, आम्ही तेथें पोंचलों.

पोंचलों तेव्हां संध्याकाळचे पांच वाजले होते आणि चांगला अंधार पडला होता. त्या दिवसांत त्या प्रदेशीं साडेआठ वाजून गेल्यावर उजाडतें आणि चार वाजून गेले कीं मावळतें. मधल्या वेळास दिवस म्हणावयाचें तें केवळ रिवाज म्हणून. दुसऱ्या दिवशीं सकाळीं नऊ वाजतां आम्हीं खिडकीचा पडदा सारला. समोर ओखिल टेंकड्यांच्या माथ्यांवर बर्फ होतें. रस्त्यावर, मोटारींच्या टपांवर, कुंपणावर, सर्वत्र दंव गोठून पांढरें झालें होतें. आणि दाराशीं, पायवाटेच्या कडेनें, बारा-पंधरा फूट लांबीचा एक वाफा गुलाबी, तांबड्या आणि पांढऱ्या फुलांनीं भरून गेला होता. फाटकाजवळ मात्र दोन-तीन ठिकाणीं बोडकी माती दिसत होती. कोणीं तरी कागदी फुलें आणून पसरलीं असावीं अशी आमची पहिली कल्पना झाली. सौभाग्यवतींची कल्पना आमच्याहून व्यवहारी होती. "देवाला फुलें मिळालीं," असें म्हणून त्या शाल पांघरून बाहेर निघाल्या.

कन्येच्या स्वयंपाकघरांत फडताळाच्या एका खणांत देव आहेत. तेथील त्या दोन महिन्यांतील पूजा, माघांतील गणेशजयंतीसुद्धां, याच फुलांवर पार पडली. सौभाग्यवतींस या फुलाची एक अडचण मात्र लवकरच कळून आली. याच्या पाकळ्या गळत नाहींत, मान पडत नाहीं. काल वाहिलेली डहाळी आज ताज्यासारखीच दिसते. मग निर्माल्य ओळखावें कशावरून? अखेर त्यांनीं रोज रंग बदलण्याची तोड काढली. सम तिथीस पांढरीं, विषम तिथीस तांबडीं.

चष्मा पुसून आम्हीहि वाफ्याजवळ गेलों. झुडूप उंचीनें वीतभर, पण पसारा हातभर. पानें म्हणजे बारीक हिरव्या सुया, प्रत्येक पेरावर चार-चार. डहाळीच्या वरच्या भागांत एकाच अंगास झुकलेलीं फुलें. एकेक फूल गव्हाच्या दाण्याएवढें, आकार तोंड आवळलेल्या लहानशा कलशासारखा, आणि त्या तोंडांतून आठ गडद तपकिरी पुंकेसरांचीं टोंकें बाहेर डोकावत असलेलीं. उभ्यानें पाहणारास केवळ रंग दिसतो; फूल पाहावयाचें तर गुडघे टेंकावे लागतात. तें आमच्या वयास जमतें. उठणें ही गोष्ट निराळी.

आम्हांस उठवावयास शेजारीणबाई आल्या. वय सत्तरीच्या पुढें, पायांत गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातांत झाडें छाटण्याची कात्री. त्यांचें इंग्रजी अस्सल स्कॉच वळणाचें. तीस वर्षें ती भाषा शिकविलेल्या आम्हांस पहिल्या दिवशीं त्यांच्या बोलण्यांतील निम्मे शब्द उमगले नाहींत. त्यांस मात्र आमचे सर्व उमगले. स्कॉटलंडचें हेदर अखेर डोळ्यांनीं पाहिलें याचा आम्हीं आनंद प्रकट करतांच त्यांनीं मान हलविली. हें स्कॉटलंडचें हेदर नव्हे, असें त्या म्हणाल्या. स्कॉटलंडचें हेदर तें. आणि त्यांनीं कात्रीनें टेंकड्यांकडे बोट दाखविलें. तेथें बर्फाच्या खालच्या अंगास नुसता करडा-तपकिरी रंग पसरला होता.

त्याचा खुलासा पुढें पुष्कळ दिवस होत राहिला. डोंगरावरच्या त्या झुडपास शास्त्रांत 'कॅल्यूना' म्हणतात. तें ऑगस्ट-सप्टेंबरांत फुलतें आणि त्या वेळीं डोंगरचे डोंगर जांभळे होतात. १८०२ सालीं सॉल्सबरी या शास्त्रज्ञानें हें नांव ठेविलें, तें झाडणें या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. कारण त्या झुडपाचे खराटे करीत. आमच्या कन्येच्या दारांत होतें तें 'एरिका कार्निया'. त्याचें माहेर आल्प्स आणि मध्य व दक्षिण युरोपांतील इतर डोंगर. तेथें पाइन वृक्षांच्या विरळ रानांत, चुनखडीच्या खडकाळ उतारांवर तें आपोआप वाढतें. ब्रिटनमध्यें तें अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत बागेंतील पाहुणें म्हणून आलें. बाकीच्या बहुतेक हेदर-कुळास आम्ल माती लागते, चुना खपत नाहीं. यास दोन्ही चालतात. एरिका या वंशाच्या आठशेंहून अधिक जाती आहेत आणि त्यांतील बहुतेक दक्षिण आफ्रिकेच्या टोंकास आहेत. युरोपच्या वांट्यास आलेल्या फार थोड्या. त्यांतच भूमध्य समुद्राकांठचें एक झाड आहे, त्याच्या बुंध्याशीं जमिनींत एक कठीण गांठ वाढते आणि तिचे पाइप कोरतात. आमचे एक जुने प्राध्यापक ब्रायरचा पाइप ओढीत आणि ब्रायर म्हणजे रानगुलाबाचें मूळ असें आम्हांस सांगत. तें हेदरचें मूळ निघालें. फ्रेंच 'ब्रुयेर' या शब्दाचा तो इंग्रजी अपभ्रंश. ते हयात असते तर त्यांस पत्र घातलें असतें.

'कार्निया' म्हणजे मांसाच्या रंगाचें. या नांवाची एक कथा आहे ती आम्हांस फार आवडली. लिनीअसनें १७५३ सालच्या आपल्या ग्रंथांत हें झुडूप चुकून दोनदां नोंदविलें. एकदां त्याच्यापुढें आलें तें कळ्यांनीं भरलेलें, कळ्या हिरव्या. त्याला त्यानें 'एरिका हर्बेशिया', म्हणजे गवतासारखें हिरवें, असें नांव दिलें. तीनच पानांनंतर तेंच झुडूप फुललेलें आलें, त्याला 'कार्निया' म्हटलें. शास्त्राच्या नियमानें आधींचें नांव खरें. पण बागांतून दुसरेंच रूढ झालें होतें. हा तंटा पुढें अडीचशें वर्षांच्या घरांत चालून १९९९ सालच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेंत 'कार्निया'च्या बाजूनें मिटला. परीक्षकाचें काम केलेल्या माणसास लिनीअसची ही चूक समजूं शकते. तोच विद्यार्थी सहामाहीस एक दिसतो आणि वार्षिकास दुसरा.

शेजारीणबाईंच्या बागेंत या हिंवाळी हेदरचे वीस-बावीस वाण होते आणि प्रत्येकास नांव होतें. गुलाबाचे वाण माणसें मुद्दाम संकर करून तयार करतात हें आम्ही जाणून होतों. हेदरचे जुने वाण बहुतेक कोणाच्या तरी नजरेस पडलेले आहेत. कोणी डोंगरावर हिंडतांना, कोणी आपल्याच वाफ्यांत तण उपटतांना, एक झुडूप इतरांहून निराळें पाहिलें आणि तें जपून ठेविलें, एवढाच बहुतेकांचा इतिहास.

'स्प्रिंगवुड व्हाइट' हें नांव ऐकून आम्ही एखाद्या वसंतवनाची कल्पना करीत होतों. स्प्रिंगवुड हें स्टर्लिंगच्या एका घराचें नांव निघालें. त्या घरच्या वॉकर नांवाच्या बाई इटलींत गेल्या असतां तेथील एका डोंगरावर त्यांस हें शुभ्र फुलांचें झुडूप दिसलें. त्यांनीं तें घरीं आणिलें आणि १९३० च्या सुमारास तें बागवानांच्या हातीं गेलें. त्याच बागेंत पुढें त्याचा गुलाबी भाऊहि निपजला. पांढऱ्याचें वैशिष्ट्य असें कीं तें उभें वाढण्यापेक्षां पसरतें, सतरंजी उलगडावी तसें. आणि बीं पेरून हा वाण मिळत नाहीं. बियांतून काय निघेल याचा नेम नाहीं. बोटाच्या दोन पेरांएवढी डहाळी तोडून रेताड मातींत खोंचावी, ओल राखावी, तिला मुळ्या फुटल्या म्हणजे रोप तयार होतें. पण तें नवें रोप म्हणणें बरोबर नव्हे. तें जुनेंच रोप, दुसऱ्या जागीं. म्हणजे आज जगांत जेथें जेथें 'स्प्रिंगवुड व्हाइट' आहे तें सर्व मिळून इटलींतल्या त्या एका झुडपाचाच विस्तार आहे. हें ऐकल्यावर आम्ही कांहीं वेळ त्या पांढऱ्या फुलांकडे जरा अधिक आदरानें पाहिलें.

दुसरा नामांकित वाण, 'मायर्टन रूबी', याचें घर तर त्याहून जवळचें नसलें तरी त्याच पंचक्रोशींतलें. स्टर्लिंगच्या पूर्वेस चार-पांच मैलांवर ओखिल टेंकड्यांच्या पायथ्याशीं मेन्स्ट्री म्हणून खेडें आहे. तेथील मायर्टन या घरच्या बागेंत तो सांपडला आणि १९६५ च्या सुमारास नांवारूपास आला. फूल उमलतांना नुसतें गुलाबी असतें, मग दिवसागणिक गडद होत जाऊन फेब्रुवारीअखेर पिकल्या कोकमाच्या रंगास पोंचतें. एकाच झुडपावर या सर्व पायऱ्या एकदम दिसतात. पानें काळपट हिरवीं. आमचें मत विचाराल तर या सबंध कुळांत याच्या तोडीचा दुसरा नाहीं. स्वित्झर्लंडांतून आलेला 'व्हिव्हेली' जवळपास येतो. थंडी पडली कीं त्याचीं पानें न घांसलेल्या तांब्याच्या भांड्यासारखीं होतात. 'किंग जॉर्ज' आणि 'विंटर ब्यूटी' हे दोन वाण कित्येक वर्षें एकमेकांच्या नांवानें विकले जात होते. एकच गाइड दोन वेष्टनांत विकणाऱ्या आमच्याकडील प्रकाशकांस यांत नवें कांहीं वाटणार नाहीं. पिवळ्या पानांचे जे प्रकार निघाले आहेत, त्यांतील सरे परगण्यांतल्या 'फॉक्सहॉलो'ची फार कीर्ति आहे. कडक थंडींत त्याच्या पिवळ्या शेंड्यांवर तांबूस छटा चढते, म्हणून तो कौतुकानें लावतात. आम्हांस तो काविळीनें आजारी असल्यासारखा दिसला. शेजारीणबाईंचा तो लाडका, म्हणून हें मत आम्हीं आजवर मनांतच ठेविलें होतें.

एक संकरहि सांगितला पाहिजे. इंग्लंडांत डार्बीशर परगण्यांत डार्ले डेल येथें जेम्स स्मिथ यांची रोपवाटिका होती. आल्प्समधील कार्निया आणि आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर व स्पेन-पोर्तुगालांत आढळणारी दुसरी एक एरिका तेथें होत्या. १८९० च्या सुमारास, कोणीं कांहीं न करतां, त्या दोहोंचें एक रोप उगवलेलें आढळलें. घटक कोण याचा शोध करण्याचें कारण नाहीं, मधमाशी. तें रोप आईबापांहून धट्टेंकट्टें निघालें, नोव्हेंबर-डिसेंबरांत फुलूं लागून एप्रिलपर्यंत फुलत राहिलें. बीं मात्र त्यास सहसा धरत नाहीं. पुढें गेऑर्ग आरेंड्स या जर्मन बागवानास याच रोपाची एक फांदी पांढरीं फुलें देतांना दिसली. तिच्यापासून झालेल्या वाणाला त्यानें 'झिल्बरश्मेल्त्से', म्हणजे वितळलेली चांदी, असें नांव दिलें. शेजारीणबाई या शब्दाशीं झुंजत असतां आम्हांस पहिल्यानेंच त्यांच्याशीं बरोबरी वाटली.

बाजारांत मात्र एक निराळेंच हेदर पाहिलें. दुकानाच्या दाराशीं कुंड्यांतून निळ्या आणि नारिंगी रंगाचीं झुडपें मांडलीं होतीं. त्यांवर चक्क रंग फवारलेला होता. तें सोडून देतां येईल. आमच्याकडेहि रंगविलेली शेवंती मिळते. पण त्याच ठिकाणीं कॅल्यूनाचे असे वाण होते कीं ज्यांच्या कळ्या कधींच उमलत नाहींत. उमलत नाहींत म्हणून त्यांवर भ्रमर बसत नाहींत, परागीभवन होत नाहीं, आणि रंग महिनेच्या महिने टिकतो. जर्मनींत हे फारच खपतात असें कळलें. टिकाऊपणाची ही किंमत आम्हांस पटली नाहीं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यांत एक दिवस स्वच्छ ऊन पडलें. आम्ही आणि शेजारीणबाई वाफ्यापाशीं उभे असतां एक जाडजूड, केंसाळ भुंगी गुंगत आली आणि पांढऱ्या फुलांस लोंबकळूं लागली. ही राणी, बाई म्हणाल्या. थंडीभर जमिनींत निजते, अशी ऊब मिळाली कीं उठते, आणि उठल्यावर तिला या बागेंत खावयास काय तें एवढेंच. तें दृश्य पाहून आमच्यांतील वक्ता जागा झाला. आम्हीं म्हटलें, आमच्याकडे थंडी हा फुलांचा हंगामच, शेवंती-झेंडूंची रेलचेल. आमची कसोटी वैशाखांत. तेव्हां बहावा फुलतो, पण तो उंच झाडावर, आणि मुळें खोल गेलेल्या झाडास तें शोभतेंहि. येथें मात्र वीतभर झुडपानें बर्फांत फुलावें, हें केवढें धैर्य!

"धैर्य कसलें?" बाई म्हणाल्या. "या कळ्या ऑगस्टांतल्या आहेत."

मग त्यांनीं समजावून सांगितलें. या झुडपाची सगळी कमाई उन्हाळ्यांतली. फुलें सरलीं कीं वसंतांत नवी फूट येते, ती उन्हाळ्यांत वाढते, आणि ऑगस्ट-सप्टेंबरांत तिच्या शेंड्यांवर कळ्या धरतात. सबंध शरद ऋतुभर त्या हिरव्या राहून पानांत मिसळून असतात. माहीत नसणारास दिसतहि नाहींत. थंडींत उरतें तें फक्त उमलणें. "म्हणून तर शरदांत यांस कात्री लावायची नसते. लावायची ती एप्रिलांत, फुलें सरल्याबरोबर, आणि तीहि थोडीशीच. तुमच्या मुलीनें पहिल्या वर्षीं ऑक्टोबरांत सगळा वाफा कापून काढला होता. त्या हिंवाळ्यांत एक फूल आलें नाहीं. फाटकाजवळचीं तीं तर मेलींच. बिचारीला ठाऊक नव्हतें."

बिचारीला ठाऊक नव्हतें हें खरें. पण आम्हांस ठाऊक होतें.

पुण्यास गुलाबाची छाटणी ऑक्टोबरांत करतात. पाऊस सरला, जमिनींत ओल आहे, थंडी पुढें आहे. अशा वेळीं झाड कापलें कीं दीड-दोन महिन्यांत नव्या फुटीवर भरघोस फूल येतें. आमच्या अंगणांत अकरा गुलाब आहेत आणि या एका विषयांत आळींतील लोक आमचा सल्ला घेतात. तीन वर्षांपूर्वींच्या त्या ऑक्टोबरांत कन्येचा फोन आला होता. नव्या घराच्या दारांत जुनीं झुडपें आहेत, माजलीं आहेत, काय करूं, असें तिनें विचारलें. आम्हीं सांगितलें, "ऑक्टोबर चालू आहे. साफ छाट. दयामाया दाखवूं नकोस." झुडपें कसलीं आहेत हें आम्हीं विचारलें नाहीं. त्याच बोलण्यांत आम्हीं तिला आणखीहि दोन गोष्टी सुचविल्या होत्या. एक पुण्यांतील एका नोकरीविषयीं, दुसरी एका स्थळाविषयीं. त्या दोन तिनें ऐकून घेतल्या. छाटणीची तेवढी मानली.

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर ती भांडीं विसळीत होती आणि आम्ही पुशीत होतों. त्या घरांत हें काम आमच्याकडे आलें होतें. आम्हीं विचारलें, "त्या वर्षीं फुलें आलीं नाहींत, हें तूं आम्हांस कळविलें कां नाहींस?"

कोणतें वर्ष हें तिला विचारावें लागलें नाहीं. "काय कळवायचें, बाबा? तुम्हीं गुलाबाचें सांगितलंत. झुडूप कोणतं तें मीं तरी कुठं सांगितलं होतं?" थोड्या वेळानें, नळ बंद करून, ती म्हणाली, "आणि त्या वर्षीं तुम्ही तसेही फारसें बोलत नव्हतां."

शेजारीणबाईंकडे तिनें 'मला ठाऊक नव्हतें' एवढेंच सांगितलें होतें. आमचें नांव तिनें घेतलें नाहीं, हें आम्हीं तिला विचारलें नाहीं. तिनेंहि सांगितलें नाहीं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यांत आम्ही तिघें एका रोपवाटिकेंत गेलों. हेदर फुललेलें असतांनाच विकत घ्यावें, म्हणजे रंगाविषयीं फसगत होत नाहीं. तीन 'मायर्टन रूबी' आणि दोन 'स्प्रिंगवुड व्हाइट' घेतलीं. पैसे आम्हीं दिले. तिनें देऊं दिले. दुपारीं जमीन जरा मऊ झाल्यावर फाटकाजवळचीं मेलेलीं खोडें उपटलीं. जून लांकडापर्यंत कापलेल्या हेदरास पुन्हा पालवी फुटेल असा भरंवसा नसतो, हें त्या खोडांकडे पाहून पटण्यासारखें होतें. आंत एकहि हिरवी रेघ नव्हती. मुळ्या मात्र केंसांसारख्या बारीक. या मुळ्यांच्या आंत एक प्रकारची बुरशी राहते आणि तिच्या जोरावर हें कुळ निकस मातींत तग धरतें, असें कन्येनें सांगितलें. माशांवांचून इतर गोष्टीहि तिला ठाऊक आहेत, हें आम्ही अधूनमधून विसरतों.

हेदर लावतांना रोप खोल लावावें लागतें, खालचीं पानें मातीस टेंकतील इतकें. आम्ही खड्डे खणीत होतों, ती रोपें बसवीत होती, सौभाग्यवती खुर्चीवरून दोघांच्याहि चुका काढीत होत्या. दोन रोपांत हातभर अंतर ठेवलेलें पाहून आम्हीं विचारलें, "मध्यें एवढी जागा मोकळी कशाला? आणखी दोन आणलीं असतीं."

"भरून येते ती, बाबा. तीन वर्षांत एकमेकांना मिळतात."

तीन वर्षें हा आंकडा तिनें अगदीं सहज उच्चारला. आम्हांस निवृत्त व्हावयास तितकींच वर्षें राहिलीं आहेत, हा हिशेब आमच्या मनांत त्याच क्षणीं झाला. सौभाग्यवतींच्याहि झाला असावा, कारण त्यांनीं त्यानंतर थोडा वेळ कोणाची चूक काढली नाहीं.

मार्चच्या मध्यास आम्ही परत आलों. एप्रिलांत कन्येचा फोन आला. फुलें सुकून तपकिरी झालीं आहेत, आतां कात्री लावूं का, किती लावूं? आम्हीं सांगितलें, "शेजारीणबाईंस विचार."

यंदाचा पाऊस ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत रेंगाळला. तो गेल्यावर आम्हीं गुलाब छाटले, अकराच्या अकरा. त्याच रविवारीं संध्याकाळीं तिचा फोन आला.

"झाली तुमची छाटणी?"

"झाली. तुझ्या झुडपांना कळ्या धरल्या का?"

"जुन्या सगळ्यांना. नव्या पांचांपैकीं चारांना."

"रंग कसला?"

"हिरवा, बाबा. अजून हिरवाच."

"आणि पांचवें?"

"तें जरा सावलींत लावलं गेलं आपल्याकडून. पाहूं."